थंडीतलं व्हिएन्ना: चार दिवस कसे आखावेत

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हिएन्नात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजता मावळतो. हाताशी जेमतेम सव्वाआठ तासांचा उजेड, तोही बरेचदा ढगाआडचा. दिवसा तापमान शून्य ते पाच अंश, रात्री त्याहून खाली. मे महिन्यातल्या सहलीसारखी स्थळांची यादी घेऊन सकाळी नऊ ते रात्री नऊ फिरायचं ठरवलंत, तर दुसऱ्याच दुपारी घरची मंडळी हॉटेलवर परत चला म्हणतात. थंडीत आखणी उजेड आणि ऊब यांच्या हिशेबाने करायची. उजेड आहे तोवर बाहेरचं बघून घ्यायचं, आणि बाहेर पाऊण तास झाला की गरम जागी शिरायचं. त्यासाठी व्हिएन्नाइतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही, कारण जुन्या शहरात पाच मिनिटं चाललं की एखादं कॉफीहाऊस, संग्रहालय नाहीतर ट्रामचा थांबा येतोच.

कधी जायचं

थंडीचे तीन वेगळे हंगाम आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत ख्रिसमस मार्केट्स. 27 डिसेंबर ते 1 जानेवारी नववर्षाची धामधूम: हॉटेलं सर्वांत महाग, जुन्या शहरात मुंगीला शिरायला जागा नाही. आणि 7 जानेवारीपासून फेब्रुवारीअखेर स्वस्ताई, संग्रहालयांत शांतता, नगरपालिकेच्या इमारतीसमोर बर्फावरचं स्केटिंग आणि बॉलनृत्यांचा मोसम. मार्केटसाठी जायचं तर नोव्हेंबरचा शेवटचा किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा, सोमवार ते शुक्रवार. गर्दी आणि खर्च दोन्ही टाळायचे असतील तर जानेवारीअखेर.

24 डिसेंबरची तारीख मात्र नीट बघा. त्या दिवशी दुकानं दुपारीच बंद होतात, संध्याकाळी ट्राम-बस कमी धावतात, आणि 25 व 26 ला सुट्टी. ऐन नाताळ बघू म्हणून गेलेल्यांना बंद शटरं बघावी लागतात. रविवारीही ऑस्ट्रियात सुपरमार्केटं बंद असतात. हाउप्टबानहोफ किंवा प्राटरस्टर्न स्टेशनातलं दुकान उघडं मिळतं, पण तिथे रांग असते. त्यामुळे दूध, ब्रेड, फळं शनिवारीच घेऊन ठेवा.

बर्फ पडेलच असं धरून जाऊ नका. इथे हिमवृष्टीपेक्षा करडं आभाळ आणि बोचरा वारा जास्त.

व्हिसा आणि विमान

ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासाच्या पंधरा दिवस आधी ही शेवटची मर्यादा आहे, तिच्यावर विसंबू नका. दिवाळीच्या आसपास अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून डिसेंबरच्या प्रवासासाठी ऑगस्ट-सप्टेंबरातच तारीख घ्या. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, शिवाय व्हिसाकेंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे जाणार असाल तर पासपोर्ट-तपासणी तिथेच होते, व्हिएन्नात नाही. जोडविमानासाठी दीड तास ठेवला की हमखास धावपळ होते, अडीच ते तीन तास ठेवा. घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी पहाटेच जाग येते. हे फायद्याचंच आहे.

बॅगेत खाऊ भरताना एक नियम लक्षात असू द्या: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा घरीच. कढीपत्ता आणि बहुतेक ताजी फळंही नकोत. चिवडा, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी बिनघोर न्या.

कपडे

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. उणे वीस अंशांचं जाडजूड जॅकेट घेतलंत तर पंचाईत होते, कारण व्हिएन्नातल्या खोल्या, ट्राम, दुकानं सगळीकडे हीटिंग असतं. बाहेर गारठा आणि आत घाम, असं दिवसातून दहा वेळा होतं. म्हणून चढवता-उतरवता येतील असे तीन थर हवेत: अंगालगत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं टोपीचं जॅकेट. अंगालगत सुती गंजीफ्रॉक नको. सूत घाम धरून ठेवतं, आणि बाहेर पडल्यावर तोच ओलावा अंग गार करतो. पुणे-नाशिकच्या थंडीतले स्वेटर मधल्या थराला चालतात, वरून वारा अडवणारं काही नसेल तर निरुपयोगी.

बुटांवर खर्च करा. तळ रबरी आणि खाचांचा, वरचा भाग पाणी न शिरणारा. जाड मोजे घालून दुकानात बूट चालून बघा आणि अर्धा नंबर मोठा घ्या. घट्ट बुटात रक्त नीट खेळत नाही, बोटांभोवती हवेचा थर राहत नाही, आणि दोन मोज्यांतही पाय बधिर होतात. कानटोपी, मफलर, हातमोजे हवेतच. छत्री वाऱ्यात उलटी होते. हीटिंगची हवा कोरडी असल्याने ओठ फुटतात, नाकातून रक्तसुद्धा येतं. व्हॅसलीन खिशात असू द्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते. चष्मेवाल्यांनी पुसायचं फडकं न विसरता घ्यावं.

उतरल्यावर

विमानतळावरून शहरात यायला एस-7 ही लोकल आहे, वीन मिट्टे स्टेशनापर्यंत साधारण पंचवीस मिनिटं. शेजारीच हिरव्या रंगाची जलद गाडी सोळा मिनिटांत पोचवते, पण नऊ मिनिटं वाचवायला तिप्पटीच्या आसपास पैसे मोजणं आम्हाला पटत नाही. विमानतळ शहराच्या तिकीट-क्षेत्राबाहेर येतो. शहराचा पास आधीच काढला असेल तरी तेवढ्या टप्प्याचं जादा तिकीट लागतं. आगाऊ घेतलेलं कागदी तिकीट चढण्यापूर्वी निळ्या यंत्रात छापून घ्यायचं. गेट कुठेच नाहीत, त्यामुळे हे राहून जातं, आणि साध्या कपड्यातल्या तपासनीसाने पकडलं की शंभर युरोंहून जास्त दंड होतो.

राहायला स्टेफान्सप्लाट्झच्या, म्हणजे जुन्या शहराच्या मधल्या चौकाच्या, अगदी जवळ असायची गरज नाही. यू-1, यू-3 किंवा यू-4 या मेट्रोमार्गांवर स्टेशनापासून पाच मिनिटांत खोली मिळाली की पुरे. शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर चालते. जुन्या इमारतीत फ्लॅट घेत असाल तर लिफ्ट आहे का ते आधी विचारा. तिथे तळमजला, मग उंच तळमजला, मग मेझानिन आणि त्यानंतर ‘पहिला’ मजला, अशी मोजणी सापडते. पहिला मजला म्हणून निर्धास्त राहिलात तर बॅगा तीन जिने चढवाव्या लागतील.

दिवस कसा लावायचा

सकाळी साडेनऊ ते साडेतीन बाहेरचं. शोनब्रुन महालाच्या बागेत प्रवेश फुकट आहे. कारंजी बंद असतात, पण टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढलं की शहर पायाशी येतं आणि चढाने अंगही गरम होतं. महालाचं तिकीट वेळेसकट आधी काढा आणि बागेनंतरची वेळ घ्या, म्हणजे गारठल्यावर आत शिरता येईल. हेच गणित सगळीकडे लावा: बेल्व्हेडेअर महालाची बाग आधी, मग आत क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र.

अंधार पडल्यावर संग्रहालयं. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आल्बर्टिना बुधवारी आणि शुक्रवारी. सहलीच्या आखणीत आधी या तीन संध्याकाळी पक्क्या करा. कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये चित्रकार ब्रॉयगेलचं दालन चुकवू नका. तिथलं 1565 मधलं ‘हंटर्स इन द स्नो’ हे चित्र जवळ जाऊन बघा. शिकारी पाठमोरे, खाली मान घातलेले. मागे हाडं निघालेली कुत्री. शिकार म्हणाल तर काठीला टांगलेला एकुलता एक कोल्हा. आणि खाली, हिरवट-करड्या गोठलेल्या तळ्यांवर, मुंगीएवढी माणसं घसरत खेळताहेत. बाहेर तासभर गारठून आल्यावर हे चित्र वेगळंच कळतं.

जड कोट आणि पाठीवरची बॅग बहुतेक संग्रहालयांत क्लोकरूममध्ये ठेवावी लागते. फार थंडी वाजली आणि संग्रहालय नको असेल तर बुर्गगार्टनमधलं फुलपाखरांचं काचघर आहे, आत कोकणातल्यासारखी दमट ऊब. पाय बोलायला लागले की ऑपेराच्या थांब्यावर संसदेच्या दिशेने जाणाऱ्या 1 नंबरच्या ट्राममध्ये बसा, श्वेडनप्लाट्झला उतरून 2 नंबरने परत या. जुन्या शहराभोवतीच्या रिंगरस्त्याचा पूर्ण फेरा एकच ट्राम करत नाही, पण या दोघी मिळून करतात, आणि उजळलेल्या इमारती काचेआडून बघून होतात.

मार्केट्स

नगरपालिकेसमोरच्या राटहाउसप्लाट्झ चौकातलं मार्केट सर्वांत मोठं आणि सर्वांत गर्दीचं. तिथे साडेतीनला पोचा: उजेडात एक चक्कर, दिवे लागताना दुसरी, साडेपाचला बाहेर. खरेदी आणि खाणं श्पिटलबेर्गच्या अरुंद गल्ल्यांत किंवा कार्ल्सप्लाट्झला करा, तिथे हस्तकलेच्या वस्तू जास्त चांगल्या असतात.

ग्लूवाइन म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, पुन्श या गरम पेयातही बरेचदा रम असते. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’ मागा. मगासाठी साधारण पाच युरो अनामत घेतात. मग परत केला की पैसे परत, पण त्याच मार्केटात, कारण प्रत्येकाचा मग वेगळा. आवडला तर ठेवून घ्या, कोणी काही म्हणत नाही. सुटे युरो जवळ ठेवा, छोट्या स्टॉलवर आणि स्वच्छतागृहात लागतात.

शाकाहारींनी केझेक्राइनरपासून सावध. नावात ‘केझे’ म्हणजे चीज असलं तरी ते चीज भरलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज आहे. बटाट्याच्या सूपमध्ये आणि मसूरडाळीत बेकन असतं, म्हणून ‘ओने श्पेक’ म्हणजे बेकन नको, असं स्पष्ट सांगा. भाजलेले चेस्टनट, लांगोश म्हणजे लसूण चोपडलेली तळलेली रोटी, केझेश्पेट्सले म्हणजे चीज घातलेले शेवयांसारखे तुकडे, गेर्मक्न्योडल म्हणजे आलुबुखाराचा जॅम भरलेला वाफवलेला गोळा, यावर पोट छान भरतं. अंडं न खाणाऱ्यांनी लांगोश आणि चेस्टनटवरच भर द्यावा, श्पेट्सलेत अंडं असतंच. पाणी विकत घेऊ नका. 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी शहराच्या नळाला येतं.

कॉफीहाऊस आणि ऑपेरा

कॅफे सेंट्रलबाहेर थंडीत रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. श्पेर्लला किंवा प्र्युकेलला जा. मेलांज मागवली की चांदीच्या रंगाच्या ट्रेमध्ये कॉफी, शेजारी पाण्याचा पेला आणि त्यावर आडवा ठेवलेला चमचा येतो. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही, वाट बघत बसू नका. टिप टेबलावर ठेवायची पद्धत नाही. बिल 9.20 असेल तर पैसे देताना ‘दहा’ म्हणायचं.

ऑपेराची उभ्याची तिकिटं त्याच दिवशी विक्रीला निघतात आणि खुर्चीच्या मानाने अगदीच स्वस्त असतात. आत शिरल्यावर कठड्याला मफलर बांधला की ती जागा तुमची, हा तिथला मान्य रिवाज. मग निवांत कोट जमा करून या. मात्र बांधायला वेगळा मफलर नसेल तर अडचण होते, म्हणून त्या संध्याकाळी एक जादा न्या. भाषांतराचा छोटा पडदा उभ्याच्या जागेलाही असतो. तीन तास उभं राहणं झेपत नसेल तर मध्यंतरात निघा, तेवढ्यातही पैसे वसूल.