पेटी शिकताय? मग ती झाकून ठेवू नका

चाळिशीनंतर पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला घेतली की पहिला महिना उत्साहात जातो, मग रविवारी दोन तास बसू असं ठरतं आणि रविवारी नेमके पाहुणे येतात. त्यापेक्षा रोज १५ मिनिटं बसा, खरंच. माझं गाडं अडलं होतं ते वेळेमुळे नाही तर पेटीच्या कव्हरमुळे, म्हणजे कपाटातून काढा, कव्हर काढा, सतरंजी घाला, एवढ्यात कुकरची शिट्टी होते. आता पेटी हॉलच्या कोपऱ्यात पातळ कापड टाकून असते, चहा उकळेपर्यंतसुद्धा हात फिरतो.

१५ मिनिटांत काय करायचं तर पहिली ५ नुसते अलंकार, म्हणजे सुरांचे ठरावीक क्रम, सारेग रेगम गमप, तबल्याच्या ॲपवर लय मिनिटाला ६० मात्रा ठेवून. पांढरी १ मधून, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी सा धरून, वाजवताना ‘ग’वरच्या मधल्या बोटाखालून अंगठा ‘म’वर न्यायचा असतो ना, तिथेच सगळे अडखळतात, मग तेवढीच जागा १० वेळा करा, सगळा अलंकार पहिल्यापासून नको. आणि भाता हळू हलवा, पंप मारल्यासारखा नाही, सूर तुटता कामा नये. उरलेल्या वेळात एकच राग, भूप घ्या, पाचच सूर आहेत, पांढरी १ मधून सगळे पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. नंतर तोच काळी १ मधून काढून बघा, फक्त ग पांढरा उरतो आणि बोटं पार गोंधळतात, पण मजा येते. रात्री १० नंतर मात्र शेजाऱ्यांसाठी रीडचा एकच संच सुरू ठेवा, आवाज कमी होतो.