ठिबकची जुनी नळी कार्बनच्या हिशोबात कशी धरायची

जळगावात पाइपवाले, चटईवाले असे छोटे कारखाने भरपूर, आणि आता त्यातल्या काही जणांकडे मोठं गिऱ्हाईक मालाचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे माल बनण्यापासून टाकून देईपर्यंत किती कार्बन डायऑक्साइड सुटतो त्याचा हिशोब, मागायला लागलंय. दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल), वीज, डिझेल इथपर्यंत सगळे नीट भरतात, पण वस्तू टाकून दिल्यावर काय हा रकाना आला की "१०० टक्के रिसायकल" लिहून मोकळे होतात. मीही आधी तेच लिहिलं होतं. हिशोबाची शीट तपासणाऱ्याने एवढंच विचारलं, कशावरून? दाखवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता, शीट परत आली आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं. आता कसं करतो ते सांगतो, उदाहरण १६ एमएम लॅटरलचं, म्हणजे झाडांच्या ओळीत टाकतात त्या ठिबकच्या नळीचं, कारण रावेर-यावलकडे केळीच्या बागेत गेलं की ती दिसतेच.

पहिलं वजन. कॅटलॉगवरून घेऊ नका, १ मीटर नळी कापा आणि काट्यावर ठेवा, समजा ५० ग्रॅम भरली. ओळीत ६ फूट अंतर धरलं तर एकरी साधारण २२०० मीटर नळी लागते, म्हणजे ११० किलो. पुढे जे काही वाटे पाडाल त्यांची बेरीज ११० च आली पाहिजे, नाहीतर कुठेतरी माल हरवलाय.

आता ही नळी जाते कुठे, आणि खरी मेहनत इथेच आहे. ऑफिसात बसून हे कळत नाही, बाग मोडताना नळ्या गुंडाळतात तेव्हा शेतावर जायचं आणि विचारायचं. "भंगारात दिली" हे पहिलं उत्तर सगळीकडे मिळतं, थोडं थांबलात की मग कळतं, "अर्धी तं बांधावरच जाळली भाऊ, गुंतली होती." दहा-पंधरा शेतकरी आणि दोन-तीन भंगारवाले विचारले की अंदाज बसतो. भंगारवाल्याला आणखी एक विचारा, ओल्या मातीचं किती कापता, कारण नळीच्या आत गाळ आणि क्षार बसलेले असतात आणि त्याच्या काट्यावरचं वजन म्हणजे निव्वळ प्लास्टिक नाही. कोणाला विचारलं, कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, हे शीटच्याच एका पानावर लिहून ठेवा, "कशावरून" ला उत्तर तेच.

धरून चालू की निव्वळ ५५ किलो भंगारात गेली, ३३ किलो जाळली, २२ किलो बांधावर पडून राहिली.

जाळलेल्याचा हिशोब सरळ आहे. लॅटरल पॉलिथिनची, पॉलिथिनमध्ये वजनाच्या जवळपास ८६ टक्के कार्बन, तो पूर्ण जळाला तर १ किलोमागे ३.१४ किलो कार्बन डायऑक्साइड. ३३ किलोचे झाले १०४ किलो. उघड्यावर नीट जळत नाही, काजळी आणि विषारी धूर निघतो, तो या आकड्यात येत नाही, तरी शेरा म्हणून लिहाच. आणि सबमेन, म्हणजे लॅटरलना पाणी देणारी जाड पाइप, पीव्हीसीची असते, तिला हा आकडा लावू नका, तिच्यात कार्बन कमी म्हणून किलोमागे १.४ च्या आसपास येतो, पण जाळली तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. तिची ओळ वेगळी ठेवा.

बांधावर पडलेल्या २२ किलोचा हरितगृह वायूचा आकडा जवळपास शून्य. प्लास्टिक कुजत नाही, मग मिथेन कुठून येणार. पण म्हणून ते चांगलं झालं असं नाही, मातीत तुकडे राहतातच, तेव्हा कार्बनच्या रकान्यात शून्य आणि कचऱ्याच्या रकान्यात २२ किलो, दोन्ही लिहा. पॅकिंगच्या खोक्याचं मात्र उलटं आहे, पुठ्ठा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन सुटतो आणि तो १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट धरतात. २७ घ्या नाहीतर २८, पूर्ण शीटभर एकच ठेवा.

राहिले भंगारातले ५५ किलो, आणि सगळा घोळ इथे होतो. दोन पद्धती आहेत. एकीत तुमचा हिशोब भंगाराच्या गोडाऊनपर्यंत, टेम्पोचं डिझेल तुमचं (५५ किलो नळीला कार्बन डायऑक्साइड किलो-दोन किलोच्या वर जात नाही), पुढे धुणं, वितळवणं, दाणा पाडणं हे जो तो दाणा वापरेल त्याचं. दुसरीत ते सगळं तुम्ही अंगावर घ्यायचं आणि बदल्यात नवा दाणा वाचला म्हणून क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तेवढा कार्बन वजा करायचा. समजा ५५ मधून ४५ किलो दाणा निघाला, नव्या दाण्याला किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइड आणि जुन्यातून केलेल्याला ०.५ धरले, तर क्रेडिट ६७.५ किलो. म्हणजे नळी तीच, शेत तेच, पण एका पद्धतीने एकरी १०५ किलो (जाळलेल्याचे १०४ आणि डिझेल) आणि दुसरीने ३८. आयएसओ १४०६७ हे वस्तूच्या कार्बन फूटप्रिंटचं आंतरराष्ट्रीय मानक, ते वस्तूच्या हिशोबात रिसायकलिंग कसं वाटायचं याच्या एकापेक्षा जास्त वाटा देतं, पण कोणती घेतली ते सांगावंच लागतं. कंपनीचा स्कोप ३ (स्वतःच्या कारखान्याबाहेर, माल येण्याआधी आणि विकल्यावर होणारं उत्सर्जन) करत असाल तर जीएचजी प्रोटोकॉल या कंपन्यांच्या उत्सर्जन हिशोबाच्या नियमावलीत विकलेल्या मालाच्या विल्हेवाटीला १२ वी कॅटेगरी आहे, तिथे वाचवलेलं वजा करायचं नसतं, वेगळं दाखवायचं. नळी सात वर्षांनी निघणार असली तरी विकली त्याच वर्षात धरायची. कारखान्यातलं स्वतःचं स्क्रॅप इथे नाही, ते ५ व्या कॅटेगरीत.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते दोन्हीकडून घेणं. समजा तुम्ही पाइपात जुना दाणा वापरता आणि तो मागचा भार शून्य धरून आणता, म्हणजे पहिली पद्धत. मग त्याच पाइपच्या शेवटी रिसायकलचं क्रेडिट घ्यायचं नाही. तेच ४५ किलो एकदा नळीवाल्याने मोजले, एकदा दाणावाल्याने, तर कागदावर वाचलेला कार्बन हवेत कुठेच वाचलेला नसतो आणि ज्या शेतकऱ्याने खरंच नळी गुंडाळून भंगारात दिली त्याचं काम त्यात दिसतच नाही.

भंगारातला माल कशात जातो तेही बघा, लॅटरल पीई (पॉलिथिन) आणि चटईचा माल पीपी (पॉलिप्रॉपिलिन), एकत्र वितळवले की दर्जा पडतो, आणि असा पडलेला दाणा नव्या दाण्याच्या जागी किलोला किलो धरता येत नाही. मी मग दाणा पाडणाऱ्यालाच विचारतो की नव्या दाण्यात हा किती टक्के मिसळतोस, आणि तो जे सांगतो त्या प्रमाणात क्रेडिट कमी करतो.

शीट देण्याआधी जाळण्याचा वाटा ३० टक्क्यांवरून एकदा १० आणि एकदा ५० करून बघा, पहिल्या पद्धतीने आकडे साधारण ३६ आणि १७४ किलो येतात, भंगाराचं डिझेल धरून. हे दोन्ही गिऱ्हाईकाला दाखवा.