ग्रिड टेस्टबेडची पुढची कामं ठरवताना या चुका टाळा

समजा, नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या कॉलेजात बारा मशिन, सातपूरच्या लॅबमध्ये आठ, सिन्नरला चार, आणि सगळ्यांवर मिळून एकच स्लर्म, म्हणजे कामं (जॉब) रांगेत लावून मोकळ्या मशिनना (नोडना) वाटून देणारं सॉफ्टवेअर. अशा टेस्टबेडची, म्हणजे प्रयोगांसाठी जोडलेल्या मशिनच्या जाळ्याची, पुढच्या महिन्याची यादी बहुधा "ओएस अपडेट, स्टोरेज, सर्टिफिकेट" एवढीच असते. कोणतं काम कशावर अडलंय, हे तिच्यात नसतं.

सगळ्यात जास्त घोळ वीज जाणार असते तेव्हा होतो. शनिवारी सातपूरला महावितरणचं शटडाऊन असलं की शुक्रवारी रात्री नोड ड्रेनला टाकले जातात. पण ड्रेन म्हणजे फक्त नवे जॉब घेणं बंद. गुरुवारी सुरू झालेला ७२ तासांचा जॉब चालूच राहतो आणि शनिवारी तो मारावा लागतो. तारीख कळली की लगेच मेंटेनन्स रिझर्व्हेशन टाका, म्हणजे तेवढी वेळ नोड राखून ठेवा. पार्टिशनची (नोडच्या गटाची) जॉबसाठीची कमाल वेळ तीन दिवस असेल तर निदान तीन दिवस आधी. त्या वेळेत घुसणारा जॉब स्लर्म मग सुरूच करत नाही.

खरी मेख पुढे आहे. विद्यार्थी जॉबला वेळ लिहीत नाहीत. मग स्लर्म पार्टिशनची डीफॉल्ट वेळ धरतो आणि तीही ठरवलेली नसेल तर कमाल. अर्ध्या तासाचं काम तीन दिवसांचं ठरतं, रिझर्व्हेशनच्या आधी संपणार नाही म्हणून नोड रिकामे असूनही पेंडिंग राहतं, आणि "ग्रिड बंद पडली" म्हणून फोन सुरू होतात. डीफॉल्ट एक तास ठेवा. वेळ न लिहिलेला जॉब तासाभरात मारला जाईल, हे मात्र सगळ्यांना आधी सांगा.

वीज परत आली तरी अचानक रीबूट झालेले नोड डाऊनच दिसतात. 'सिन्फो -आर' (मोठा आर) ही कमांड लावून कारण बघा. स्लर्मच्या सेटिंगमध्ये 'रिटर्न टू सर्व्हिस' २ केलं की नोड आपोआप परत येतात, पण हा उपाय सरसकट करू नका. स्टोरेज माउंट व्हायच्या आधी नोड हजर झाला, तर रांगेतले जॉब एकामागोमाग एक तिथे जाऊन सेकंदात फेल होतात. आधी स्विच, मग स्टोरेज, मग कंट्रोलर (स्लर्मचं मुख्य मशिन), शेवटी नोड, हाच क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा.

जुन्या मशिनची सीमॉस बॅटरी (मशिन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी) गेलेली असते. घड्याळ मागे पडतं आणि फरक ३०० सेकंदांपुढे गेला की मंज (नोडची एकमेकांशी ओळख पटवणारी सेवा) ओळख नाकारतो. लोक तासन्‌तास नेटवर्क तपासत बसतात. आधी 'क्रोनीसी ट्रॅकिंग' या कमांडने घड्याळातला फरक बघा. वेळेचा सर्व्हर आपल्याच नेटवर्कमध्ये, यूपीएसवर ठेवा.

स्लर्मचं अपग्रेड "सिन्नर रिकामंय, तिथून सुरू करू" असं ठरवू नका. आधी डेटाबेसचा बॅकअप, मग स्लर्मडीबीडी (स्लर्मचा डेटाबेस सांभाळणारा भाग), मग कंट्रोलर, शेवटी नोड. उलट केलं तर नव्या आवृत्तीचा नोड जुन्या कंट्रोलरशी बोलत नाही.

डेटा पाठवायला किती वेळ लागेल, ते बेरजेत धरा. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून २०० जीबी न्यायला आदर्श वेगानेसुद्धा साडेचार तास लागतात. प्रत्यक्षात सहा धरा आणि ते रात्री लावा. होस्ट सर्टिफिकेट (मशिनची ओळख पटवणारं) संपायच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरवर टाका.

डिस्क बदलण्यासारखी हातानेच करायची कामं २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वणीच्या दिवसांवर ठेवू नका. रस्ते बंद असताना गंगापूर रोडवरून सिन्नरला सुटा भाग पोचवणं जमणार नाही.