खाडीतला बिबट्या, आणि नकाशा करताना होणाऱ्या आणखी काही चुका

नकाशा उघडला तेव्हा एक बिबट्या ठाण्याच्या खाडीत होता, दुसरा वांद्र्याच्या बँडस्टँडजवळ आणि तिसरा बोरिवली स्टेशनात. बोरिवलीचं एक वेळ समजू शकतो. पण खाडीत?

आम्ही पाच-सहा हौशी मंडळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांचा नकाशा करत होतो. कुठे कोणता प्राणी दिसतो, कचरा कुठे साठतो, दिवे कुठे नाहीत, असं सगळं एकावर एक ठेवून बघायचं होतं. बिबट्यांच्या नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरून उतरवल्या आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. मग दोन रविवार प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) चुकलंय असं समजून त्याच्याशी झटापट केली. प्रोजेक्शन बरोबर होतं. धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा हे संकेतस्थळ मुद्दामच लपवतं. खरी जागा ०.२ अंशांच्या ज्या चौकोनात येते, त्यात कुठेही ठिपका टाकून देतं. ०.२ अंश म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आणि आपल्या मुंबईत तेवढ्या चौकोनात जुहू, पवई, आरे आणि खाडी सगळं मावतं. उतरवलेल्या फाइलमध्ये ‘कोऑर्डिनेट्स ऑब्स्क्युअर्ड’ नावाचा रकाना असतो. तिथे ‘ट्रू’ लिहिलेलं असेल तर ती नोंद गल्लीबोळाच्या पातळीवर वापरायची नाही. बिबट्या या भागात आहे, एवढंच ती सांगते. आम्ही ते रकाने वाचलेच नव्हते.

तेव्हापासून फाइल आली की आधी रकाने वाचतो, मग ठिपके बघतो.

सीआरएस नुसतं ‘सेट’ करणं

नव्या माणसाकडून हमखास होणारी चूक. सीआरएस म्हणजे थरातले आकडे कोणत्या मोजपद्धतीतले आहेत त्याची खूण. थर जागेवर बसत नाही, म्हणून त्याच्यावर राइट क्लिक करून ‘सेट लेयर सीआरएस’मध्ये दुसरंच काही निवडायचं. त्याने आकडे बदलत नाहीत, आकड्यांवरचं लेबल तेवढं बदलतं. रुपयांच्या पावतीवर डॉलरचं चिन्ह लावल्यासारखं. आकडे खरोखर बदलायचे असतील तर ‘रिप्रोजेक्ट लेयर’ वापरा. मुंबईसाठी यूटीएमचा (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) ४३ उत्तर विभाग, म्हणजे सीआरएसच्या यादीतला ईपीएसजी क्रमांक ३२६४३.

क्षेत्रफळाचा घोळही इथलाच. वेबवरच्या नकाशांचं मर्केटर प्रोजेक्शन विषुववृत्तापासून दूर जाल तसं फुगतं. आपल्या १९ अंशांवर क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी जास्त येतं. म्हणजे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान नकाशातच ११६ च्या वर जातं, आणि एकही झाड लावावं लागत नाही. अंशातल्या थरावर क्यूजीआयएसचं ‘एरिया जॉमेट्री’ फंक्शन चालवलं तर याच उद्यानाचं ०.००९ च्या आसपास उत्तर येईल. ते चौरस अंश आहेत, त्यांचं काही करता येत नाही.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर निदान लगेच कळतं. मुंबईचे ठिपके नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात.

जुन्या टोपोशीटची (सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशांची) चूक मात्र लक्षात येत नाही. त्या एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार) काढलेल्या आहेत आणि आपला फोन डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर चालतो. डेटम न बदलता शीट बसवली तर मुंबईत रेषा शंभरेक मीटरने सरकतात. डोंगराच्या नकाशात ते खपून जाईल. पण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाभोवती जो पट्टा मोकळा ठेवायला सांगितला, तोच ५० मीटरचा आहे. भराव त्या पट्ट्याच्या आत पडलाय की बाहेर, हे शंभर मीटर चुकलेल्या नकाशावरून कसं ठरवणार? तक्रार जोडायची असेल तर आधी तीन-चार पक्क्या खुणा (पुलाचं टोक, जेटी, जुनी विहीर) जागेवर जाऊन जीपीएसने तपासा. फोनचा जीपीएसही गर्द झाडीत दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतो, तेव्हा खुणा उघड्यावरच्या घ्या.

तिथी न बघता खाडीची दोन चित्रं शेजारी ठेवणं

ही माझी स्वतःची चूक. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. त्यामुळे तिथे चिखलाचे पट्टे किती उरले, हा प्रश्न आम्हाला जवळचा. सेंटिनेल-२ उपग्रहाची दोन चित्रं घेतली, दोन वेगळ्या वर्षांची, दोन्ही फेब्रुवारीतली, एकही ढग नाही. दुसऱ्यात चिखल जवळजवळ निम्म्यावर आला होता. मी घाईघाईने तक्ता केला, लाल रंग भरला आणि खाडीत होडी चालवणाऱ्या एका काकांना फोनवर दाखवला.

त्यांनी चित्राकडे पाहिलंही नाही. विचारलं, “तिथी कोणती होती?”

कोळीवाड्यातला हिशोब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आता उपग्रहाकडे या. सेंटिनेल-२ मुंबईवरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो, त्याची वेळ बदलत नाही. म्हणजे उधाणाच्या दिवशी तो आला की खाडी जवळजवळ तुडुंब, आणि अष्टमीला आला की पाणी उतरलेलं. माझं पहिलं चित्र सप्तमीचं निघालं आणि दुसरं पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं. चिखल जागेवरच होता, पाण्याखाली.

पुढची गोष्ट मला नंतर सुचली, आणि ती जास्त त्रासदायक आहे. वर्षातली सगळ्यात खोल ओहोटी उधाणाच्या दिवसांत लागते, आणि तीही सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. अकराला येणाऱ्या उपग्रहाला ती कधीच दिसणार नाही. नुसत्या सेंटिनेल-२ वरून केलेला चिखलाचा नकाशा कितीही वर्षांचा असला तरी विस्तार कमीच दाखवतो. त्यावर एक उपाय आहे. सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह पहाटे-संध्याकाळच्या कक्षेत फिरतो, मुंबईवर साडेसहाच्या सुमारास, आणि त्याला ढगांची अडचण नाही. पण गुळगुळीत ओला चिखल रडारलाही पाण्यासारखा काळाच दिसतो, म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका.

प्रत्येक चित्रासमोर तारीख, वेळ आणि त्या वेळची पाण्याची उंची लिहा. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं यासाठीच असतात. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, आणि खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा चढतं. तुलना करताना पाण्याची उंची सारखी असलेलीच चित्रं घ्या. भरपूर चित्रं बाद होतील, होऊ द्यात.

एप्रिलमधलं जंगल ‘तुटलं’ म्हणणं

राष्ट्रीय उद्यानातलं बरंचसं जंगल पानझडी आहे. साग, ऐन, पळस, काटेसावर एप्रिलपर्यंत उघडे पडतात. ऑक्टोबर आणि एप्रिलचा एनडीव्हीआय (तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाच्या आकड्यांवरून काढलेलं हिरवाईचं माप) वजा केला की डोंगर लालभडक दिसतो. कुणी तोडलेलं काही नसतं, पानगळ असते. तुलना एकाच महिन्याची करा, आणि पाऊस लांबलेलं वर्ष असेल तर तेही लिहून ठेवा.

याच जातीची एक छुपी चूक आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवून दिले जातात. ते वजा न करता जुन्या चित्राशी तुलना केली तर काय होतं बघा. आधी तांबडा ५००, अवरक्त ३५००, म्हणजे एनडीव्हीआय ०.७५. त्याच झाडाचे नंतर १५०० आणि ४५००, एनडीव्हीआय ०.५. झाड तेच, पान तेच, आणि अहवालात ‘वनस्पतींचा गंभीर ऱ्हास’. गूगल अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहचित्रं हाताळायची गूगलची सेवा) नावात ‘हार्मोनाइज्ड’ असलेला संच घ्या, त्यात हा फरक काढलेला असतो.

हिरवं वाढलं की पेढे वाटणं

खाडीच्या काठाने हिरवा रंग वाढतो तेव्हा पुष्कळदा ते तिवर असतं. गाळ साचतो, चिखल उंच होतो, त्यावर तिवर रुजतं. कांदळवन वाढलं म्हणून आनंद करायला हरकत नाही, पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खातो कुठे? उघड्या चिखलात. त्याच्या नकाशात हे हिरवं वजाबाकीत जातं. कोणासाठी नकाशा करतोय हे आधी ठरवलं नाही तर एकाच चित्रातून दोन उलटे निष्कर्ष निघतात आणि दोन्ही बरोबर असतात.

शिवाय एनडीव्हीआयला तिवर, सुबाभूळ आणि क्लबाचं लॉन यांतला फरक कळत नाही. चपला चिखलात घालून बघून यावं लागतं.

ठिपके नाहीत म्हणजे पक्षी नाहीत

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदी जिथे माणसं जातात तिथल्या असतात: शिवडी, भांडुप पंपिंग स्टेशन, आरेचे रस्ते. आणि बहुतेक शनिवार-रविवारच्या. त्यांवरून ‘हॉटस्पॉट’ काढला तर तो पार्किंगचा हॉटस्पॉट निघतो. पूर्ण याद्याच (दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिलेल्या) घ्या, किती वेळ आणि किती अंतर फिरून केल्या ते बघा, आणि जिथे कुणी गेलंच नाही तो भाग नकाशात राखाडी ठेवा. पांढरा नको, पांढऱ्याचा अर्थ लोक ‘शून्य’ असा घेतात.

मराठीचे डबे

यावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. पाड्यांची यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आली तर आधी ती बदलून घ्या. सीएसव्ही जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर खांबाच्या पाड्याची प्रश्नचिन्हं होतात. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात, म्हणजे इंग्रजीची दहा अक्षरं आणि देवनागरीची जेमतेम तीन. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा.

सगळं सगळ्यांना दाखवणं

नकाशा छान झाला की तो टाकायचा मोह होतोच. आम्ही एकदा घुबडाच्या घरट्याची जागा पाच दशांश स्थळांपर्यंत एका ग्रुपवर टाकली. पुढच्या रविवारी झाडाखाली अकरा कॅमेरे होते, आणि नंतर घरटं रिकामं. ज्या लपवाछपवीवर मी दोन रविवार वैतागलो होतो, ती कशासाठी असते ते तेव्हा कळलं. आता मूळ फाइल दोघांकडेच असते. बाहेर देताना ठिपके काढून एक किलोमीटरचे चौकोन देतो, आणि विणीच्या काळातल्या नोंदी हंगाम संपल्यावर.