हवेचे गणित : सातारा-सांगलीतून वातावरणशास्त्राच्या संशोधनाकडे

साताऱ्यात किंवा सांगलीत बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला वातावरणशास्त्रात संशोधन करायचे असेल, तर त्याने हवामानाची स्वतंत्र पदवी शोधत बसण्यापेक्षा गणित घेऊन पदवी पूर्ण करावी, असे मी सांगतो. ही वाट जुनी आहे. १९०४ साली भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मुळात केंब्रिजचे गणिती होते. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या दाबाच्या आणि पावसाच्या नोंदींचे सहसंबंध तपासताना त्यांना जे दक्षिणी आंदोलन, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, सापडले, त्याचा एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याशी, असलेला संबंध पुढे उलगडला.

पदवीच्या वर्षांत विकलक समीकरणे, लिनिअर अल्जिब्रा आणि संख्याशास्त्र पक्के करावे; मात्र सर्वाधिक वेळ संख्यात्मक पद्धतींना द्यावा, कारण परीक्षेतली समीकरणे सूत्राने सुटतात आणि हवेची सहसा सुटत नाहीत. म्हणून वातावरणाच्या चौकटी पाडून, वेळेचे छोटे टप्पे घेत उत्तर पुढे सरकवावे लागते. चौकट ३ किलोमीटरची आणि वारा सेकंदाला ५० मीटर असेल, तर वारा ६० सेकंदांत ती ओलांडतो. साध्या पद्धतीत वेळेचा टप्पा याहून मोठा घेतला की आकडे फुगत जाऊन गणित कोसळते. आडव्या दोन्ही दिशांनी चौकट निम्मी केली, तर टप्पाही निम्मा करावा लागतो आणि आकडेमोड आठपट होते. हा हिशेब एकदा वहीवर स्वतः केला, की महासंगणकांवर एवढा खर्च का होतो हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर पायथॉन या संगणकभाषेत अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांची १९६३ सालची तीन समीकरणे सोडवून पाहावीत. सुरुवातीचा एक आकडा एकदा ०.५०६१२७ आणि एकदा ०.५०६ घ्यावा, काही काळ दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात आणि मग असे फाकतात की त्यांचा आरंभ जवळजवळ एकच होता यावर विश्वास बसत नाही. आकडे मुद्दाम हेच घ्यावेत, कारण १९६१ साली हवामानाच्या दुसऱ्या एका प्रतिमानावर (संगणकी मॉडेलवर) काम करताना लोरेन्झ यांनी दशांशाची शेवटची स्थळे गाळली होती, ती याच आकड्याची.

गणिताच्या जोडीला आपला पाऊस हाताळावा, आणि त्यासाठी सातारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेत कोरडा राहतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाची १९०१ पासूनची, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींतली दैनंदिन पर्जन्यनोंद उतरवून घेता येते. तिच्यात महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकटीत पडतात आणि दोघांना मिळून एकच आकडा मिळतो, वास्तविक पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी आहे. सरासरी म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने मला कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते.

नोंदी वापरताना एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, म्हणजे १० जुलैच्या नोंदीत ९ तारखेच्या साडेआठनंतरचा पाऊस असतो. मी सुरुवातीला हे आकडे प्रतिमानातल्या पावसाच्या मध्यरात्र ते मध्यरात्र केलेल्या बेरजांशी ताडून पाहिले आणि तीन आठवडे प्रतिमानालाच दोष देत बसलो.

पुढचा मार्ग सरळ, पण लांब आहे. आयआयटी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन किंवा विद्यापीठाच्या प्रवेशातून एम.एस्सी. करावी, पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. त्यानंतर नेट किंवा गेट परीक्षा देऊन पीएच.डी.साठी पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अथवा आयआयटी दिल्ली यांचे दरवाजे ठोठावावेत. पुण्याच्या या संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरलाच आहे, हे आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

मार्गदर्शकाला पत्र पाठवताना ‘मला हवामानाची लहानपणापासून आवड आहे’ असे लिहू नये. ते सगळेच लिहितात. त्याऐवजी एक पान जोडावे. सांगलीच्या विद्यार्थ्याने २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरांआधीच्या दहा दिवसांचा कोयना खोऱ्यातला पाऊस एकाच आलेखावर काढावा, त्याखाली सांगली जिल्ह्यातल्याच कोरड्या जत तालुक्याचा त्याच दिवसांचा पाऊस दाखवावा आणि या दोन्हींवरून सुचलेला, पण स्वतःला न सुटलेला एक प्रश्न शेवटच्या ओळीत विचारावा.