टिन्सेल काळी पडली? घासण्याआधी या चुका टाळा

फ्लाय म्हणजे मासे पकडायला गळावर पिसं, रेशीम बांधून केलेलं नकली आमिष, आणि तिच्यावर गुंडाळायची चकचकीत बारीक पट्टी म्हणजे टिन्सेल. सिल्व्हर डॉक्टर या सॅल्मन माशासाठीच्या फ्लायचं अख्खं अंग चपट्या चंदेरी टिन्सेलचं. रिळावरची टिन्सेल काळी पडलेली दिसली की हाताला लागेल ते घेऊन घासायचा मोह होतो. थांबा. माझ्या मते काळेपणापेक्षा साफसफाईनेच टिन्सेलचं जास्त नुकसान होतं.

आधी हातात काय आहे ते ओळखा. जुनी टिन्सेल बहुधा तांब्याच्या पट्टीवर चांदीचा मुलामा दिलेली असते. मायलर म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा असलेलं प्लास्टिक. छोटा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. आक्रसून वितळला तर मायलर. ती मऊ ओल्या फडक्याने पुसा, बस्स. पॉलिश लावलंत तर चमकच निघून जाईल.

खऱ्या चांदीवरचा काळा थर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे येतो. टूथपेस्ट किंवा भांड्यांची पावडर त्या थरासोबत मुलामाही खरवडते आणि खालचं तांबं लालसर दिसू लागतं. चपट्या पट्टीसाठी त्यापेक्षा चांगला उपाय आहे: काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल, वर गरम पाणी, चमचाभर खाण्याचा सोडा. पट्टी फॉइलला टेकलीच पाहिजे, नाहीतर काही घडत नाही. इथे गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. नंतर स्वच्छ पाण्यात धुवा, लगेच कोरडी करा.

ओव्हल टिन्सेलला मात्र हे नको. पैठणीच्या जरीसारखीच तिच्यातही धातूची पट्टी धाग्यावर गुंडाळलेली असते. धागा पाणी धरून ठेवतो, मग काळेपणा आतून परत येतो. चांदी बुडवून साफ करायची द्रावणं तर आणखी वाईट, कारण ती धाग्यातून पुरती निघतच नाहीत. कोरड्या सुती कापडावर खडूची वस्त्रगाळ पूड घेऊन हलक्या हाताने, गुंडाळीच्या दिशेने पुसा.

तांब्याच्या तारेला चिंच-मीठ चालतं, पण मीठ राहिलं तर हिरवा डाग पडतो. बांधून झालेल्या फ्लायवर काहीही ओलं लावू नका. पिसांचा आणि रेशमाचा रंग पसरू शकतो.

आणि रिळावरची टिन्सेल सुटू नये म्हणून रबर बँड लावत असाल तर तो आजच काढा. रबरातच गंधक असतं. त्याऐवजी साधा सुती दोरा बांधा आणि रीळ घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.