पेरणीआधीच शंखी गोगलगायीचा बंदोबस्त करा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की आपण सगळे बियाणं, खत आणि ट्रॅक्टरच्या मागे धावतो. त्याच रात्री बांधावरच्या दगडांखालून आणि ओढ्याकाठच्या पालापाचोळ्यातून शंखी गोगलगायी बाहेर पडतात. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात त्यांनी कोवळं सोयाबीन फस्त केलं आणि कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली.

आमच्याकडे पहिले तीन-चार दिवस आम्ही बियाण्यालाच दोष देत होतो. उगवण विरळ दिसत होती, तासंच्या तासं (पेरणीच्या ओळी) मोकळी. मग रात्री नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन रानात गेलो. दोन दलांवर आलेल्या रोपाला गोगलगाय बिलगलेली होती, आणि सकाळी तिथे नुसता बुडखा उरला होता. म्हणून उगवण कमी वाटली तर दुकानदाराशी भांडायच्या आधी भल्या पहाटे तासात वाकून बघा. मातीवर आणि पानांवर वाळलेल्या, चकाकणाऱ्या चिकट रेघा दिसल्या तर चोर कोण ते कळलंच.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्याला आणून सोडलेली, तिथून पसरत गेली. एकाच जिवात नर-मादी दोन्ही असल्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, एका वेळी शंभर-दोनशे, ओलसर भुसभुशीत मातीत. साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे झुबक्याने सापडले की तीच अंडी समजा. उन्हाळाभर ती शंखाच्या तोंडाला पातळ पापुद्रा लावून गप्प पडून राहते. त्यामुळे मे महिन्यात रान स्वच्छ दिसलं म्हणून गाफील राहू नका.

खरी लढाई पहिल्या पावसापासून पीक वीस दिवसांचं होईपर्यंतच. त्यानंतर सोयाबीनचं खोड राठ होतं आणि नुकसान बरंच कमी होतं. पेरणीआधी बांध, विहिरीची कडा, ओढ्याचा काठ इथलं गवत काढा, दगडांचे ढीग हलवा. मग गुळाच्या पाण्यात बारदाना (तागाचं पोतं) भिजवून संध्याकाळी सात-आठ मीटरवर एकेक अंथरा. पपईची किंवा कोबीची पानं टाकली तरी चालतात. सकाळी ऊन चढायच्या आत बारदाना उलटा करा, खाली झुंबड सापडेल. वेचताना हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक कृमी यांच्या अंगात असू शकतो, तेव्हा लहान मुलांना या कामाला लावू नका आणि वेचून झाल्यावर हात साबणाने धुवा.

वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मेल्या की खोल खड्ड्यात चुना पसरून पुरा. मीठ रानात फेकू नका, जमीन खराब होते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: पोतं भरलं की ते ओढ्यात किंवा कालव्यात रिकामं करू नका. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पुराच्या पाण्याबरोबर त्या खालच्या गावाच्या काठाला लागतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या सोयाबीनवर बसतात.

बांधाच्या आतून चार बोटं रुंद चुन्याचा किंवा राखेचा पट्टा ओढला की नव्या गोगलगायी अडतात. पाऊस पडला की पट्टा वाहून जातो, तेव्हा तो पुन्हा ओढावा लागतो. फळबागेत खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

प्रादुर्भाव फारच असेल तर मेटाल्डिहाईड या गोगलगायी मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या एकरी दोन किलो, संध्याकाळी, बांधाच्या कडेने आणि झाडांच्या बुडाशी थोड्या थोड्या ठेवा. पाऊस येणार असेल त्या दिवशी नको. कुत्री आणि कोंबड्या या गोळ्या खाऊन मरतात, म्हणून त्यांना दोन दिवस रानापासून लांब ठेवा. ब्रिटनने पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळे २०२२ पासून उघड्या शेतात या औषधाचा वापर बंद केला. शिवाय ते पाण्यात उतरलं की काढणं अवघड असतं. म्हणून विहीर, शेततळं आणि ओढ्याच्या कडेला गोळ्या टाकूच नका, तिथे हातानेच वेचा. साधी कीटकनाशकं फवारून तर पैसे आणि पाणी दोन्ही वाया जातात. गोगलगाय कीटक नाही, तिच्यावर त्या औषधांचा फारसा परिणाम होत नाही, उलट औषध धुपून ओढ्यात जातं.

एकट्याने वेचून भागत नाही, शेजारच्या बांधावरून रात्रीत पुन्हा येतात. गल्लीतल्या चार-पाच शेतकऱ्यांनी एकच संध्याकाळ ठरवा, ओढ्याच्या वरच्या अंगाच्या रानापासून सुरुवात करा आणि खालपर्यंत उतरत या. खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवा, म्हणजे भरलेली पोती रात्रभर बांधावर पडून राहणार नाहीत. तोंड सैल राहिलं तर सकाळी पोतं रिकामं सापडतं.